पाटा बदलला तरी पद्मिनी पुन्हा डावीकडे झुकते? खर्च करण्याआधी हे मोजा

आमच्या घरी नानांची प्रीमियर पद्मिनी आहे, जुनी फियाट मोटार. कापसाच्या पैशातून घेतलेली, अजून रोज चालणारी. तिला एक खोड लागली होती. मागची डावी बाजू खाली बसायची. अंगणात उभी असली की रस्त्यावरून जाणाऱ्या माणसालाही ती लंगडी उभी असल्यासारखी दिसायची. गॅरेजला नेली की सरळ होऊन यायची, चार-सहा महिन्यांनी परत तेच. पहिल्यांदा डाव्या कमानपाट्यात (मागच्या एक्सलवर गाडी पेलणारी पोलादी पानांची स्प्रिंग) एक जादा पान घातलं गेलं. दुसऱ्यांदा दोन्ही पाटे खोलून ठोकून आणले. तिसऱ्यांदा मुंबईहून मोडीत निघालेल्या टॅक्सीच्या पाट्यांची जोडी मागवली. तिन्ही वेळा पैसे गेले आणि दुखणं तिथंच राहिलं.

अशी गाडी अजून बऱ्याच जणांकडे आहे आणि सगळ्यांची तक्रार हीच असते, म्हणून जे कळलं ते सविस्तर लिहितो. माझं म्हणणं एकच आहे. गाडी कुठं झुकलेली दिसते यावरून दोष कुठं आहे ते ठरवू नका. आधी मोजा, मग पाना हातात घ्या.

सुरुवात जमिनीपासून करा. मी ती केली नव्हती आणि त्यात माझी दोन वर्षं गेली. अंगणातला ओटा खचला म्हणून गवंडीबाबांना बोलावलं होतं. त्यांनी लेव्हलची नळी धरली, माझ्या शेडच्या फरशीकडे पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, गाडी वाकडी नही शे, तुनी फरशी बसेल शे." नळी लावली. दोन्ही चाकांच्या जागांमध्ये १६ मिलिमीटरचा फरक निघाला.

आपल्याकडची काळी माती अशीच आहे. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया खोल न घेता नुसती खडी टाकून बसवलेली शहाबादी फरशी दरवर्षी थोडी वर येते, थोडी खाली जाते, आणि सगळीकडे सारखी जात नाही. पन्हाळीचं पाणी जिथं पडतं तिथं जास्त. माझी गाडी दिवाळीच्या सुमारास जास्त झुकलेली दिसायची आणि मी पावसात रस्त्यांचे खड्डे खाल्ले म्हणून पाट्याला दोष देत बसायचो.

रस्त्यावर उभी करून पाहाल तर तिथंही फसाल. पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्त्याला मधून कडेला उतार दिलेला असतो. अडीच टक्के उतार धरला तर सव्वा मीटरच्या अंतरात ३१ मिलिमीटर होतात, आणि पद्मिनीच्या दोन चाकांमधलं अंतर त्याच्याच आसपास आहे. डाव्या कडेला उभी केलेली धडधाकट गाडीही डावीकडे झुकलेलीच दिसणार.

म्हणून गवंड्याची पारदर्शक नळी आणा. पाणी भरताना आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, एक जरी राहिला तरी माप खोटं येतं. चारही चाकं जिथं उभी राहतील त्या चार जागांची पातळी घ्या आणि जिथं कमी असेल तिथं फरशीचे तुकडे, पत्रा, सनमायका असं काहीही घालून चारही जागा एका पातळीत आणा. मी चार जागांवर ऑइलपेंटने चौकोन काढून ठेवलेत. दरवेळी गाडी त्याच चौकोनांवर उभी राहते, आणि मोजायच्या आधी नळी पुन्हा फिरतेच.

आता गाडी. चारही टायर एकाच मापाचे हवेत आणि थंड असताना हवा डावी-उजवी सारखी हवी. नव्या आणि गुळगुळीत टायरच्या उंचीत सहा-सात मिलिमीटरचा फरक सहज पडतो. शंका असेल तर मागची दोन चाकं आपसात बदला. झुकाव बाजू बदलून गेला तर तुमचा प्रश्न टायरवरच सुटला. डिकी रिकामी करा. आमच्या डिकीत जॅक, दोरखंड, युरियाची अर्धी गोणी आणि केळीच्या बागेतली ठिबकची बंडलं निघाली, आणि सगळं एकाच बाजूला सरकलेलं. पेट्रोल लिटरला पाऊण किलो भरतं, तेव्हा दरवेळी टाकी साधारण सारखी भरलेली असताना मोजा. आत कोणी बसलेलं नको.

गाडी जॅकवरून उतरवल्या उतरवल्या मोजू नका. चाकं हवेत असताना खाली लोंबतात, आणि उतरवल्यावर टायर जमिनीला धरून ठेवतात, त्यामुळे गाडी खोटीच उंच राहते. पाच-दहा मीटर पुढे-मागे ढकला, चारही कोपरे दोन-तीनदा दाबून सोडा, मग हँडब्रेक न ओढता माप घ्या.

मापाची जागा फार महत्त्वाची आहे. बहुतेक जण मडगार्डच्या कमानीपासून चाकाच्या मध्यापर्यंत मोजतात. पण चाळीस वर्षांच्या गाडीचं मडगार्ड किती वेळा ठोकलं गेलंय, किती वेळा त्यावर लांबी (पुटी) भरली गेलीय, कोणाला माहीत? त्या कडेचा भरवसा धरू नका. दारांखाली जो लांब पेटीसारखा पत्रा जातो, त्याची पुढची आणि मागची टोकं दोन्ही बाजूंना धरा. म्हणजे चार बिंदू. तिथून जमिनीपर्यंत सरळ उभं माप. माझी पहिली खरी मापं अशी होती: पुढे डावीकडे २३६, पुढे उजवीकडे २५०, मागे डावीकडे २२८, मागे उजवीकडे २४२ मिलिमीटर.

हे चार आकडे खूप काही सांगतात. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते, पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. तो सांगाडा शाबूत असेल तर हे चार बिंदू एका सपाटीत असले पाहिजेत, मग ती सपाटी कितीही कललेली असो. ते तपासायला तिरप्या जोड्यांची बेरीज करा. पुढचा डावा आणि मागचा उजवा मिळून माझे ४७८. पुढचा उजवा आणि मागचा डावा मिळून तेही ४७८. म्हणजे बॉडी पिळलेली नव्हती, नुसती कललेली होती. हा आकडा पाहून मला खरंच हायसं वाटलं, कारण पिळलेला सांगाडा सरळ करणं हे फार मोठं काम आहे. तुमच्या दोन बेरजांत आठ-दहा मिलिमीटरचा फरक आला तर आधी तो बिंदूच चेपलेला नाही ना ते पाहा. जॅक चुकीच्या जागी लावून तिथला पत्रा बऱ्याचदा आत गेलेला असतो. तसं नसेल तर सस्पेन्शन सोडा आणि सांगाड्याकडे वळा.

आणखी एक गोष्ट याच आकड्यांत आहे. मागे १४ मिलिमीटरचा फरक आहे, तसा पुढेही १४ चाच. डोळ्याला मात्र फक्त मागचा डावा कोपरा बसलेला दिसत होता. शाबूत सांगाडा एकसंध कलतो, त्यामुळे दोष पुढच्या स्प्रिंगमध्ये असला तरी मागून पाहणाऱ्याला मागचं बसल्यासारखं वाटतं. अशी कितीतरी गाड्यांची मागची पाने विनाकारण बदलली गेली असतील.

मग दोष पुढे की मागे, हे कसं ठरवायचं? त्यासाठी मध्यावर जॅक लावून बघायचं. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. पुढच्या क्रॉसमेंबरच्या (दोन पुढच्या चाकांमधल्या आडव्या तुळईच्या) बरोब्बर मध्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून ट्रॉली जॅकने पुढची चाकं जेमतेम सुटतील एवढीच गाडी उचला. आता पुढचा भार एकाच बिंदूवर आहे, पुढच्या स्प्रिंगांना डावं-उजवं करायला वाव उरला नाही. जो कल दिसेल तो सगळा मागच्या बाजूचा. मग उलट करा. पुढच्या चाकांना दगड लावा, मागच्या एक्सलच्या गोळ्याखाली (डिफरन्शिअलखाली), एक्सलच्या शक्य तितक्या मध्यावर, जॅक लावून चाकं सोडवा. आता एक्सल जॅकवर तराजूच्या दांडीसारखा मोकळा झुलतो, म्हणून बॉडीचा उरलेला कल पुढच्या बाजूचा.

माझ्या गाडीचं पुढचं उचललं तेव्हा कल १४ वरून २४ झाला. मागचं उचललं तेव्हा २ उरला. दोष सगळा मागे होता, आणि पुढच्या चांगल्या स्प्रिंगा त्यातला जवळजवळ निम्मा सावरून धरत होत्या.

एक विनवणी. हे करताना कोणीही गाडीखाली जायचं नाही. नुसत्या जॅकवर, तेही मध्यावर उभी असलेली गाडी एका धक्क्यात कलंडते. मापं बाहेरून घ्या. खाली शिरायचं असेल तेव्हा दोन्ही बाजूंना घोड्या (जॅक स्टँड) लावूनच. विटांची चळतही नको, वीट दाबाखाली क्षणात फुटते.

दोष मागे आहे हे कळल्यावरही लगेच पाटा घ्यायला पळू नका. डावा पाटा उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावून पाहा. काम अर्ध्या दिवसाचं आहे, पण याच्याइतकं खरं उत्तर दुसरं काही देत नाही. कल बाजू बदलून गेला तर पाटा दोषी. कल तिथंच राहिला तर पाटा निर्दोष, बॉडी किंवा जोड दोषी. माझा कल जागचा हलला नाही. तीन वेळा ज्या पाट्यांवर खर्च केला ते मुळात गुन्हेगार नव्हतेच.

पाटे सुटलेले असतानाच डाव्या बाजूचं पुढचं हँगर पाहिलं. पाट्याचं पुढचं टोक बॉडीला जिथं धरलेलं असतं, मागच्या चाकाच्या अगदी पुढची जागा. तिथं काळ्या मातीचा थर वीट घालावी तसा घट्ट बसला होता. वरून कोरडा दिसत होता. खुरपीच्या टोकाने खरवडला तर आतून ओला निघाला, मे महिन्यात, बाहेर पारा ४५ च्या वर असताना. माती निघाली तसा तिच्याबरोबर पत्र्याचा पापुद्रा निघून आला. स्क्रूड्रायव्हरने जरा टोचलं तर तो मुठीपर्यंत आत गेला. वरच्या बाजूने पेटीचा पत्रा कुजून हँगर आत दबलं होतं, उजव्या बाजूशी ताडून पाहिलं तर १८ मिलिमीटर वर सरकलेलं. पाट्याचं एक टोक १८ ने वर गेलं की मध्ये एक्सलपाशी बॉडी साधारण ९ ने खाली येते. दर दुरुस्तीनंतर गाडी काही दिवस सरळ राहायची आणि पुन्हा बसायची, ती यामुळे. प्रत्येक वेळी पाट्याची कमान वाढवून मी कुजत चाललेल्या पत्र्यावर जास्त जोर टाकत होतो.

डावी बाजूच का, तर आपण डावीकडून चालतो. एसटी किंवा उसाचा ट्रॅक्टर समोरून आला की डावं चाक साइडपट्टीच्या चिखलात उतरतं, आणि हा चिखल लाल मातीसारखा वाळून झडून जात नाही, चिकटून ओल धरून बसतो. शेताच्या रस्त्याने जाणारी कुठलीही जुनी गाडी असेल तर मागच्या चाकांच्या पुढचा हा खळगा पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी धुवा. वरवर फवारा मारून चालत नाही, हाताने कोरून काढावं लागतं.

हँगरचं काम ज्या वेल्डरला येतं त्याच्याकडूनच करून घ्या. कुजलेल्या पत्र्यावर नवा तुकडा चिकटवला तर वर्षभरात तो कडेने फाटतो. कुजलेलं सगळं कापून चांगल्या पत्र्यापर्यंत जायला हवं. कापण्याआधी उजव्या बाजूचं माप मधल्या रेषेपासून, पुढच्या क्रॉसमेंबरपासून आणि जमिनीच्या पातळीपासून तीनही दिशांनी घेऊन ठेवा, आणि नवं हँगर त्या मापावर टाके मारून आधी तात्पुरतं धरा. पूर्ण वेल्डिंग त्यानंतर. बॅटरीची वायर काढा. टाकी जवळ असेल तर ती उतरवून लांब ठेवा, यात आळस नको.

हँगर झालं तरी ७-८ मिलिमीटरचा फरक उरला. आता उजवी बाजू थोडी जास्तच उंच होती. याचं कारण सापडायला वेळ लागला, आणि मला वाटतं हीच चूक सगळ्यात जास्त ठिकाणी होत असेल. पाट्याच्या टोकांना रबराचे सायलेंट बुश असतात. त्यांचं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला धरून बसलेलं असतं, ते फिरत नाही, पिळलं जातं. गाडी जॅकवर, चाकं लोंबत असताना बोल्ट पूर्ण आवळले की रबर लोंबत्या अवस्थेत पक्कं होतं. गाडी खाली आली की ते पिळलं जातं आणि स्प्रिंगसारखं गाडीला वर रेटत राहतं. उजवीकडचे बोल्ट तसे आवळलेले होते. डावी बसलेली होतीच, शिवाय उजवी उचलून धरलेली होती. पुढे काही महिन्यांत असं रबर फाटतं, मग गाडी त्या बाजूला अचानक बसते, आणि मालक म्हणतो पाटा गेला.

उपाय अगदी साधा. बोल्ट हाताने लावून ठेवा, गाडी चाकांवर उतरवा, ढकला, दाबा, आणि पूर्ण भार चाकांवर असताना आवळा. खड्डा असलेलं गॅरेज असेल तर उत्तम. नसेल तर चारही चाकं सारख्या उंचीच्या भक्कम लाकडी फळ्यांवर चढवून घ्या. गॅरेजमधल्या पोराला हे आपण उभं राहून सांगावं लागतं, कारण वर असताना हात पोचतो म्हणून तो तिथंच आवळून मोकळा होतो. आपल्या उन्हात रबर लवकर कडक होतं, म्हणून उघडलंच आहे तर दोन्ही बाजूंचे बुश एकदम नवे घाला.

शॉकअपबद्दल थोडंसं. तेलाचे साधे शॉकअप गाडी पेलत नाहीत, ते फक्त हिंदकळणं थांबवतात. गाडी उभ्याउभ्या झुकलेली असेल तर नवे शॉकअप घालून ती सरळ होणार नाही. एकाच बाजूला जादा पान घालणं तर करूच नका. उंची येते, पण ती बाजू कडक होते, खड्ड्यात गाडी एकीकडे उडते आणि ब्रेक मारताना ओढते. पाटे खरंच बसलेले असतील तर जोडीने बदला किंवा जोडीने कमान भरून घ्या. थंडा पाटा नुसता ठोकून आणला तर तो पुन्हा बसतो, भट्टीत तापवून, पाणी देऊन, परत हलका तापवून केलेलं काम टिकतं. असे कारागीर कमी होत चाललेत. जुन्या टॅक्सीचे पाटे घेण्याचंही तसंच. कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी निघणं २००० च्या सुमारास थांबलं आणि मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. त्या गाड्यांचे पाटे वीस वर्षं माणसं वाहून थकलेले आहेत. घ्यायचे तर दोन्ही सपाट जागी शेजारी ठेवून कमानीची उंची मोजून घ्या.

पुढच्या बाजूचा दोष निघाला तर कॉइल स्प्रिंग खोलाव्या लागतील. हे घरी करू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो. काढल्यावर दोन्ही स्प्रिंगा काचेवर उभ्या करून उंची ताडून बघा आणि खालच्या-वरच्या रबरी चकत्या दोन्हीकडे आहेत ना ते पाहा. एका बाजूची चकती गायब असणं हे नेहमीचंच. स्प्रिंग चाक धरणाऱ्या आर्मच्या आतल्या अंगाला बसते, त्यामुळे तिथला एक मिलिमीटर चाकापाशी जवळपास दीड-दोन होतो. पातळ चकतीनेही काम होऊन जातं.

अँबेसेडरवाल्यांना पुढे कॉइल नाही, टॉर्शन बार आहे, म्हणजे पिळली जाऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी, आणि त्याची उंची कमी-जास्त करता येते. म्हणूनच तिथं मोह होतो: मागचा पाटा बसला की पुढचा बार फिरवून गाडी सरळ दाखवायची. दिसायला सरळ होते, पण वजन तिरप्या दोन चाकांवर जास्त पडतं आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लागताना गाडी फिरते. आधी मध्यावर जॅक लावून दोष पुढचा आहे याची खात्री करा. आणि बरीच वर्षं चाललेले बार डावे-उजवे आपसात बदलू नका, त्यांना एकाच दिशेच्या पिळाची सवय झालेली असते.

राहिलं दार. आमचं ड्रायव्हरचं दार मागच्या बाजूने खाली घासायचं आणि गॅरेजमध्ये सांगितलं गेलं की गाडी झुकली म्हणून. बेरजा सारख्या आल्या होत्या, म्हणजे ते कारण असू शकत नव्हतं. नुसत्या कललेल्या बॉडीत दाराची चौकट चौकोनीच राहते. दार अर्धं उघडा, मागच्या टोकाला धरून वर उचला. खटखट हललं तर बिजागरीची पिन झिजलीय. आमची तीच होती, दोन पिना आणि बुश टाकून दार बसलं. हललं नाही, पण गाडी एका बाजूने जॅकवर घेतल्यावर दाराची फट बदलते, दार अडकतं, तर दाराखालची पेटी कुजलीय. लोहचुंबक फिरवा. जिथं तो धरत नाही तिथं पत्रा नाही, लांबी आहे. अशा गाडीची पेटी कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी अँगल टाके मारून धरा, नाहीतर कापल्याबरोबर चौकट मिटते आणि पुन्हा कधीच उघडत नाही. दारांच्या फटी जुळवण्याचं काम नेहमी शेवटी, उंची आणि पेटी दोन्ही झाल्यावर.

एक्सल सरळ बसला की नाही, ते पाहायची युक्ती आमच्या घरात आईमुळे सापडली. सकाळी तिने अंगणात सडा टाकला होता आणि मी गाडी सरळ बाहेर काढली. ओल्या चाकांचे ठसे कोरड्या सिमेंटवर उठले. डावीकडे मागच्या चाकाचा ठसा पुढच्याच्या बाहेर, उजवीकडे आत. म्हणजे एक्सल तिरका होता, गाडी खेकड्यासारखी चालत होती. दोन्हीकडे पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत मोजलं. पद्मिनीचं ते अंतर २३४० मिलिमीटर. डावीकडे ११ ने जास्त भरलं. हँगर दबताना थोडं मागेही ढकललं गेलं असावं असं मला वाटलं होतं, पण ते दुरुस्त झाल्यावरही ४ उरले. तेवढा दोष पाट्याच्या सेंटर बोल्टचा (पाट्याला एक्सलवर जागच्या जागी धरणाऱ्या मधल्या बोल्टचा) निघाला, डोकं झिजून तो आपल्या भोकात सरकत होता. नवा बोल्ट घातल्यावर दोन्ही बाजू जुळल्या.

आता चौकोनांवर उभी केली की डाव्या-उजव्यात ४ मिलिमीटर भरतात. इतक्या जुन्या गाडीत मी १० पर्यंत सोडून देतो. पाटा एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट मात्र काम झाल्यावर पाचशे किलोमीटरला एकदा, गाडी चाकांवर असताना, पुन्हा आवळून घ्या. नव्या पानांमधला रंग आणि गंज दबला की ते हमखास ढिले होतात.